एकशे चौदावी नोंद

पत्र टपालाने आलं. हल्ली टपालाने आमच्याकडे विजेचं बिलसुद्धा येत नाही, त्यामुळे आमच्या ह्यांनी ते पाकीट उन्हाकडे धरून, उलटंसुलटं करून मगच माझ्या हातात दिलं. आत एक फुलस्केप कागद होता. त्यावर पट्टीने रेघा मारून तक्ता आखलेला, आणि तक्त्यात आमच्या वेबसाइटवरचा परवानगीचा अर्ज जसाच्या तसा हाताने उतरवलेला. अर्जदाराचा व्यवसाय: शिंपी. नोंद क्रमांक: ११४. वापराचं कारण: थडग्याच्या दगडावर कोरण्यासाठी. नोंदीतील व्यक्तीशी नातं: मुलगा.

'मुलगा' हा शब्द बाकीच्या अक्षरांपेक्षा जरा मोठा होता. सावकाश लिहिलेला दिसत होता.

मी चष्मा काढून टेबलावर ठेवला. एकशे चौदा नंबरच्या बाईला मुलगा असणं शक्य नव्हतं. तिला नवरा, आईबाप, शेजारीपाजारी कुणीच असणं शक्य नव्हतं, कारण ती कधी जन्मलीच नव्हती. ती मी रचली होती.

हे नीट सांगायचं तर आधी आमच्या लष्करच्या भाकऱ्यांबद्दल सांगायला हवं. आमची वेबसाइट लोकांना त्यांचे पूर्वज शोधून देते. म्हणजे शोधतात ते स्वतःच. आम्ही फक्त जुनी थडगी, दफनाची रजिस्टरं, शाळांचे हजेरीपट असलं काय काय उतरवून काढतो आणि कुणालाही फुकट बघता येईल असं मांडून ठेवतो. प्रत्येक गावाचं एक पान आणि प्रत्येक पानाला एक समन्वयक. नाव मोठं आणि लक्षण खोटं. समन्वयक म्हणजे घरचं खाऊन, स्वतःच्या चपला झिजवून, वर लोकांच्या शिव्या खाणारा माणूस. मी एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. निवृत्त व्हायच्या आधीच कुणीतरी म्हणालं, तुमची नजर चांगली आहे, आमच्या गावाचं पान घ्या. घेतलं. त्याला एकोणीस वर्षं झाली.

एकोणीस वर्षांतले बहुतेक शनिवार मी जुन्या दफनभूमीत काढले. बादली, मऊ ब्रश, वही. दगडाला साबण लावायचा नाही, नुसतं पाणी. सकाळचं ऊन तिरपं असतं तेव्हा पुसट अक्षरं उठून दिसतात, म्हणून आठच्या आत पोचायचं. गुडघे गेले ते तिथेच. आमचे हे म्हणायचे, तू जिवंत माणसांपेक्षा ह्यांच्यातच जास्त रमतेस. आणि त्यात खोटं काही नव्हतं. अशा दोन हजार तीनशे सेहेचाळीस नोंदी मी केल्या. त्यातल्या दोन हजार तीनशे पंचेचाळीस खऱ्या.

वेबसाइटला एकेचाळीस कलमांची नियमावली आहे. ती आमच्या मुख्य समन्वयकांनी लिहिली. चाळीस वर्षं विमा कार्यालयात काढलेला हा गृहस्थ. कलमाशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नाही, म्हणून आम्ही सगळे त्यांना कलमदादा म्हणतो, अर्थात त्यांच्या माघारी. माझी आई गेली तेव्हा त्यांनी सांत्वनाचं छान पत्र पाठवलं होतं आणि शेवटी लिहिलं होतं की कलम बारानुसार समन्वयकाला तीन महिन्यांची रजा घेता येते. माणूस वाईट नाही. फक्त त्याला वाटतं की नियम लिहिला की तो लोक वाचतात.

कलम सात असं आहे: इथली कोणतीही नोंद इतरत्र वापरण्याआधी त्या पानाच्या समन्वयकाची लेखी परवानगी घ्यावी. अर्जाचा नमुना खाली दिला आहे. एकोणीस वर्षांत तो नमुना कुणी भरला नव्हता. लोक उचलत होते मात्र पोत्याने. पंधरा वर्षांपूर्वी एका महाशयांनी माझी सगळी यादी उचलून तिचं पुस्तक काढलं आणि वर संशोधक म्हणून स्वतःचं नाव घातलं. मी चिडून पत्र लिहिलं. त्यांनी कानावर हात ठेवले. म्हणाले, दगड सगळ्यांचेच आहेत, मीही जाऊन वाचले. दगडासमोर गुडघे टेकलेल्या माणसाचे हात कसे असतात ते मला माहीत आहे. ह्यांच्या हातांना कधी चिखल लागला असेल असं वाटलं नाही, पण सिद्ध कसं करणार?

तेव्हा शेजारच्या गावाचं पान सांभाळणाऱ्या एका जुन्या बाईंनी मला युक्ती सांगितली. यादीत एक माणूस असा घालायचा जो नव्हताच. नकाशे काढणारे नाही का नकाशात एखादी नसलेली गल्ली घालतात? ती गल्ली दुसऱ्याच्या नकाशात दिसली की चोर सापडला. ही गोष्ट आमच्या एकेचाळीस कलमांत कुठेही नाही, आणि जवळजवळ प्रत्येक समन्वयकाच्या यादीत आहे. कुणी कुणाला विचारत नाही.

मी एका दुपारी बसून एकशे चौदा नंबरची बाई तयार केली. नाव दिलं माझ्या लहानपणीच्या बाहुलीचं. आडनाव टेबलावरच्या लाल शाईच्या बाटलीवरून घेतलं. छापखान्यातून येताना सोबत आलेली बाटली, तिच्यावर कारखानदाराचं आडनाव होतं. वय तेवीस. व्यवसाय: कापडगिरणीत कामगार. जागा उत्तरेच्या भिंतीलगत, शेवटून तिसरी, कारण तिथे रांगच्या रांग बिनदगडाची आहे. 'दगड फुटलेला, आता नाही' असं लिहिलं की संपलं. आणि वर्ष असं निवडलं की ज्या वर्षाचं दफन रजिस्टर ओल लागून लगदा झालं आहे. म्हणजे कुणी पडताळायला गेलं तरी हाती काही लागू नये. मला तेव्हा स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं.

मग गेल्या वर्षी एक मोठी साइट माझ्या नजरेस पडली. लोकांकडून वर्गणी घेऊन पूर्वज दाखवणारी. आयत्या बिळावर नागोबा. माझ्या सगळ्या नोंदी तिथे होत्या, अगदी 'अक्षर पुसट, वाचण्यात चूक असू शकते' ह्या माझ्या शेऱ्यांसकट, आणि खाली सर्व हक्क त्यांचे राखीव. कलमदादांनी वर्षभर पत्रव्यवहार केला. मोठ्या साइटचं उत्तर तेच, पंधरा वर्षांपूर्वीचं: आम्ही स्वतः दगड वाचले. मग सोमवारी मी कलमदादांना फोन करून एकशे चौदाचं गुपित सांगितलं. ते पाच सेकंद गप्प होते. बहुधा कलम शोधत असावेत. मग म्हणाले, ताई, हे तुम्ही मला लेखी द्या. शुक्रवारी मी तक्रारीला जोडतो, आणि कलम एकोणीसनुसार आपल्या सूचनांच्या पानावरही टाकतो. एवढ्या एका पुराव्यावर त्यांना सगळ्या नोंदी काढाव्या लागतील.

मी हो म्हटलं. त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली. आणि मंगळवारी हे पत्र आलं.

आमचे हे बसडेपोत वेळ नोंदवायचं काम करायचे. गाडी आली, गाडी गेली, ह्यापलीकडे कशात जीव अडकवायचा नाही ही त्यांची रीत. त्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "दे परवानगी आणि गप्प बस. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हाताऱ्याला आई मिळाली, तुझं काय जातंय?"

माझं काय जातंय ते मी त्यांना सांगितलं. परवानगी देऊन गप्प बसायचं तर तक्रारही सोडायला हवी. तक्रार करायची तर एकशे चौदा खोटी असल्याचं जगाला सांगायला हवं. एकीकडे माझे एकोणीस वर्षांचे शनिवार होते आणि दुसरीकडे त्या माणसाची आई. ह्यांनी पेपर उघडला. म्हणाले, "मग जाऊन बघ तरी, कोण आहे तो."

बुधवारी गेले. दुकान बसने चार थांब्यांवर होतं, किल्ल्या करणारा आणि लॉन्ड्री ह्यांच्या मध्ये, एका खिडकीएवढं रुंद. वर पाटी होती. निळ्या रंगात नवीन रंगवलेली, कडेला अजून मास्किंग टेपचा तुकडा चिकटलेला. पाटीवर माझ्या शाईच्या बाटलीवरचं आडनाव होतं.

मी परत फिरणार होते. पण आतून शिंपीमास्तरांनी पाहिलं. गळ्यात टेप, बोटात अंगुस्तान, बहात्तरीचा बारीक माणूस. मी कुठून आले ते सांगितल्यावर ते उठले, स्टुलावरचे कापडाचे तुकडे उचलले, स्टूल पुसलं, मला बसवलं आणि स्वतः उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात. म्हणाले, तुम्ही स्वतः याल असं वाटलं नव्हतं, मी तर टपालाने उत्तराची वाट बघत होतो.

मी न विचारताच त्यांनी सगळं सांगितलं. ते अनाथाश्रमात वाढले. आश्रमातल्या सगळ्या मुलांना संस्थापकांचंच आडनाव लावायचे. वर्गात एका आडनावाची एकवीस मुलं, गुरुजी हजेरी घेताना पहिलं नाव घ्यायचे आणि मग नुसती मान हलवायचे. आश्रम सोडताना त्यांना पाव कागदाएवढी एक चिठ्ठी मिळाली. ती त्यांनी कपाटातून काढून दाखवली. आईचं नाव, पुढे 'मृत', आणि वर्ष. आडनावाच्या जागी एक आडवी रेघ. नाव माझ्या बाहुलीचं होतं. त्यात नवल काही नाही, त्या काळी दहातल्या दोघी त्या नावाच्या असत. वर्ष मात्र तेच होतं, रजिस्टर भिजलेलं.

ते बोलत होते आणि मला पहिल्यांदा कळत होतं मी काय केलं ते. मी खोटं लपवायला अशी जागा शोधली होती जिथे कुणी पडताळू शकणार नाही. आणि ज्यांची माणसं हरवलेली असतात ते शेवटी नेमके अशाच जागी येऊन पोचतात. बाकीच्या जागा त्यांनी शोधून संपवलेल्या असतात. मास्तरांनी त्या वर्षाच्या सगळ्या याद्या पालथ्या घातल्या होत्या. अडीच वर्षांपूर्वी वाचनालयातल्या बाईंनी त्यांना मोठ्या साइटवर ती नोंद काढून दिली.

"तिथे विचारायला माणूसच नव्हता," ते म्हणाले. "नुसतं बटण. मग शोधत तुमच्या पानावर आलो. खाली तुमचं नाव होतं, पत्ता होता. बरं वाटलं. तुमचे नियमही वाचले."

"कलम सात?"

"सगळी एकेचाळीस. पाथरवट म्हणाला होता, मजकूर कुठून घेतलाय ते सांगा, उगाच कुणाची तक्रार नको. आता दगड तयार आहे. तुमची परवानगी आली की अक्षरं घालेल, रविवारी बसवू."

नियम वाचणारा एकमेव माणूस माझ्यासमोर उभा होता, आणि मी स्टुलावर बसून भिंतीवरच्या दोऱ्याच्या रिळांकडे बघत होते. सांगायचं होतं ते बाजूला ठेवून मी विचारलं, तिथे जाता का हो? म्हणाले, दर रविवारी, पहिल्या बसने. गवत काढतो. सोबत घडीचं स्टूल नेतो, तासभर बसतो. "बोलत वगैरे नाही काही. आईशी काय बोलतात ते कधी शिकलोच नाही ना." हे त्यांनी हसून सांगितलं.

मी रविवारी कधी गेलेच नव्हते. माझे शनिवार.

ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते मी केलं. अंगातला कोट काढला आणि अस्तर उसवलंय, शिवून द्या म्हटलं. उसवलं होतं खरंच, तीन वर्षांपूर्वी. मास्तरांनी अस्तरावर बोट फिरवलं आणि म्हणाले, उद्या या. बसची वाट बघताना थंडी वाजत होती आणि ते योग्यच होतं.

गुरुवारी सकाळी कलमदादांचा फोन आला. जबाब कुठवर आला? मी त्यांना शिंप्याबद्दल सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की परवानगी देणं न देणं कलम सातनुसार पूर्णपणे समन्वयकाच्या मर्जीवर आहे. मग जरा थांबून, कलमाशिवाय, म्हणाले, "ताई, तक्रार मागे घ्यायची असेल तर घेऊ. माझी हरकत नाही." असं ते कधी बोलत नाहीत. मीच म्हटलं, नको. संध्याकाळपर्यंत पाठवते.

मोठ्या साइटवरच्या त्या पानाची मला आठवण झाली होती. माझा शेरा आणि खाली त्यांचं नाव. मला ते सहन होत नव्हतं. उगाच साव कशाला बनू? मी मास्तरांना सांगायला निघाले ते सत्याच्या चाडेने नाही. मला माझ्या नोंदी परत हव्या होत्या आणि वाटेत ते उभे होते.

दुकानात गेले तेव्हा माझा कोट तयार होता, हँगरला लावलेला. मास्तर एका पँटची शिवण उसवत होते. मी बसले नाही.

"मास्तर, एकशे चौदा नंबरची बाई खरी नाही. ती मी रचलेली आहे."

त्यांचा हात थांबला नाही. ब्लेडच्या टोकाने एकेक टाका तुटत होता. "रचलेली म्हणजे?"

मी सांगितलं. चोर, युक्ती, बाहुली, शाईची बाटली, भिजलेलं रजिस्टर. काही लपवलं नाही. छापखान्यात दुसऱ्याचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा तसा माझा आवाज मलाच ऐकू येत होता. त्यांनी शिवण शेवटपर्यंत उसवली, दोऱ्याचे तुकडे तळहातावर गोळा केले आणि डब्यात टाकले.

"वय?" त्यांनी विचारलं.

"तेही."

"गिरणी?"

"तीसुद्धा."

"मग भिंतीजवळ कोण आहे?"

"माहीत नाही. तिथे दगड नव्हता, म्हणून ती जागा निवडली."

"पण कुणीतरी आहे."

"हो. त्या रांगेत माणसं आहेत. नावं कुठेच नाहीत."

त्यांनी मान हलवली. कोट हँगरवरून काढला, घडी घातली, कागदात बांधला, दोरी आवळली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "काल आला होता तेव्हा नाही सांगितलंत. आज का?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. रात्रभर झोप आली नाही, मन खात होतं, असं काही. तेही थोडं खरंच होतं. पण ह्या माणसाशी माझ्या खोट्याचा कोटा संपला होता. मी म्हटलं, "उद्या तक्रार जाणार आहे. पुरावा म्हणून हे जाहीर होणार. तुम्ही वाचलं असतंत."

"म्हणजे तक्रार नसती तर?"

मी कोटाचं पुडकं उचललं.

"मला एका गिऱ्हाइकाची पँट द्यायची आहे," मास्तर म्हणाले, आणि मशीनकडे वळले. मी कोट घेऊन बाहेर आले. पाटीकडे बघितलं नाही. संध्याकाळी जबाब लिहिला, सही केली, पाठवला.

मोठ्या साइटचं उत्तर यायला पाच आठवडे लागले. ह्या काळात मी दफनभूमीत गेले नाही. गुडघे दुखतात असं ह्यांना सांगितलं, आणि ह्यांनी ते मान्य केल्यासारखं दाखवलं. सूचनांच्या पानावर कलमदादांनी माझा जबाब टाकला होता. त्याखाली इतर समन्वयकांनी शाब्बास, बरं केलंत, असं लिहिलं होतं. मी ते पान पुन्हा उघडलं नाही.

उत्तर त्यांच्या वकिलाने लिहिलेलं होतं, आणि सभ्य भाषेत. त्याचा सारांश असा: दगडावरची नावं, तारखा, वयं ह्या घडलेल्या गोष्टी आहेत. घडलेल्या गोष्टींवर कुणाचाच मालकी हक्क नसतो, त्या कितीही कष्टाने गोळा केल्या तरी. म्हणून त्या नोंदी आम्ही काढणार नाही. शेरे तेवढे आमच्या शब्दांत बदलून घेऊ. मात्र नोंद क्रमांक ११४ ही, आपल्याच लेखी जबाबानुसार, आपली स्वतंत्र कल्पना आहे. तिच्यावर आपला हक्क निर्विवाद आहे. सदर नोंद आम्ही तातडीने काढून टाकली असून झालेल्या चुकीबद्दल दिलगीर आहोत.

मी ते दोनदा वाचलं. मुद्रितात चूक राहिली असेल तर सापडावी म्हणून वाचते तसं. चूक नव्हती. एकोणीस वर्षं चिखलात गुडघे टेकून जे काही खरं लिहिलं त्यातलं काहीच माझं नव्हतं. माझी होती ती फक्त ती एक, खोटी. मी त्यांच्याकडून काय परत मिळवलं तर त्या माणसाची आई. आणि ती मी आधीच मोडून टाकली होती.

कलमदादांचा फोन आला. ते सूचनांच्या पानावर वकिलाचं उत्तर टाकून वर 'तक्रार अंशतः मान्य' असं लिहिणार होते. लिहा म्हटलं. मग म्हणाले, तुमच्या यादीतून एकशे चौदा काढलीत, पण आता एकशे तेरानंतर एकदम एकशे पंधरा येतंय. कलम तेवीसनुसार क्रमांक रिकामा ठेवता येत नाही. पुढच्या सगळ्या नोंदी एकेकाने वर सरकवाव्या लागतील. मी म्हटलं, दादा, तो रिकामाच राहू द्या. ते पुन्हा पाच सेकंद गप्प झाले, आणि मग बरं म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी मोडू दिलेलं ते पहिलं कलम.

त्याच आठवड्यात दुसरं पाकीट आलं. ह्यांनी ह्या वेळी ते उन्हाकडे धरलं नाही. अक्षर ओळखलं आणि टेबलावर आणून ठेवलं, आणि पेपर घेऊन आतल्या खोलीत गेले.

तसाच फुलस्केप, तशाच पट्टीने मारलेल्या रेघा. अर्जदाराचा व्यवसाय: शिंपी. नोंद क्रमांक: ११४. वापराचं कारण ह्या रकान्यात बारीक अक्षरात चार ओळी होत्या. सदर नोंदीतील आडनाव दुकानाच्या पाटीवर आणि अर्जदाराच्या सहीत वापरात आहे. ते आपण रचलेलं असल्याने हक्क आपला, हे सूचनांच्या पानावर वाचलं. जुनं आडनाव पुन्हा लावण्याची इच्छा नाही. तरी तेवढं वापरू द्यावं.

त्याखाली, रकान्याच्या बाहेर, आणखी एक ओळ: दगड तयार होता तो कोराच बसवला आहे, पाहून नोंद घ्यावी.

आणि शेवटचा रकाना. नोंदीतील व्यक्तीशी नातं. तिथे लिहिलं होतं: मुलगा होतो, अडीच वर्षं.

मी बराच वेळ त्या टेबलाशी बसले. रडले, सरळ सांगायचं तर. ह्यांनी आतून एकदा काय गं म्हटलं आणि मी काही नाही म्हटलं.

शनिवारी बादली घेऊन गेले. भिंतीलगत, शेवटून तिसऱ्या जागी दगड होता. नवा, गुळगुळीत, त्यावर एक अक्षर नाही. आजूबाजूचं गवत काढलेलं आणि घडीच्या स्टुलाच्या चार पायांच्या खुणा मातीत. धुण्यासारखं काही नव्हतं तरी मी तो दगड धुतला. वहीत लिहिलं: ११४. उत्तरेची भिंत, शेवटून तिसरी जागा. दगड नवा, कोरा. नाव माहीत नाही. मग घरी येऊन अर्ज समोर घेतला.

समन्वयकाने भरायच्या भागात दोनच जागा असतात. पहिल्या जागी मी 'मंजूर' लिहिलं, तारीख घातली, सही केली. दुसरी जागा शेऱ्याची. कलम तीसप्रमाणे तिथे परवानगीच्या अटींखेरीज काही लिहायचं नसतं. मी तिथे 'मला माफ करा' असं लिहिलं, पाकीट बंद केलं आणि ह्यांच्याकडे टपालात टाकायला दिलं.